पाहुणे, दोरी ताणा

मोबाइल खिशात ठेवा. इथे त्याला विचारणारं कोणी नाही, आणि उन्हात तापला की मांडीला चटका बसेल तो वेगळाच. गाव तेच आहे. तुम्ही ग्वाल्हेरच्या लष्करात, माधवगंजातच उभे आहात. फक्त साल मागे गेलंय. उज्जैनची पडीक वेधशाळा १९२३ मध्ये दुरुस्त झाली त्याला एक-दोन वर्षं झालीत, वैशाखाचा शेवटचा दिवस आहे आणि दुपारचे तीन वाजलेत.

लू सुरू आहे. ग्वाल्हेरचा उन्हाळा तुम्ही जन्मभर पाहिला असेल, पण पंखा-कूलरशिवाय नाही. आधी नाकाच्या आतली कातडी सुकते, मग ओठ, मग डोळ्यांतलं पाणी. गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. टांग्याचा एक घोडा कडुलिंबाखाली मान खाली घालून उभा आहे आणि त्याच्या अंगाचा, वाळक्या गवताचा आणि लिदीचा वास एकत्र होऊन तुमच्यापर्यंत येतोय. दारांना वाळ्याचे पडदे लावलेत. त्यांच्यावर कोणीतरी आतून पाणी मारतं, तेवढ्यापुरता गार, मातकट सुगंध सुटतो आणि पुन्हा लू त्याला गिळते. ज्या दारातून वास आला त्याच दारात शिरा. इथे आगाऊ सांगून येण्याची पद्धत नाही.

"या, या! उन्हातून आलात, एकदम पाणी पिऊ नका," काकू म्हणतात. आधी गुळाचा खडा, मग सुराहीतलं पाणी, मग कैरीचं पन्हं. तुम्ही कोण, कुठले हे पन्हं संपल्यावर विचारतील. अडनाव सांगितलंत तर पाच मिनिटांत तुमचं नातंही शोधून काढतील. लष्करातली मराठी घरं एकमेकांना इतकी गुंतलेली आहेत की नातं निघालं नाही तर काकूंनाच वाईट वाटेल.

आणि बाहेर बायकांचा घोळका निघालाय, तो पाहा. नटूनथटून, हातात पूजेची थाळी, तीनच्या उन्हातसुद्धा. शेजारच्या हिंदी घरांतल्या बायका वडाला सूत गुंडाळून परत येत आहेत. आज त्यांची वटसावित्री, ज्येष्ठाची अमावास्या. काकू मात्र घरात निवांत, कारण त्यांची वटसावित्री पुढच्या पौर्णिमेला आहे आणि त्यांच्या हिशेबाने अजून ज्येष्ठ लागलेलाच नाही. आज वैशाखी अमावास्या. भिंत एक, विहीर एक, आणि अलीकडे वैशाख तर पलीकडे ज्येष्ठ. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे वद्य पक्षाचे पंधरा दिवस या गल्लीत दोन महिने एकाच वेळी चालू असतात. कोणी भांडत नाही. पलीकडून वडाचा प्रसाद येतो, पंधरा दिवसांनी इकडून जातो.

भांडण आहे ते या घरच्या अण्णांचं, आणि तेही मराठी पंचांगांशी. त्यासाठी संध्याकाळपर्यंत थांबावं लागेल.

पाच वाजता भिश्ती येतो. पाठीवर मशक, कंबर वाकलेली, रस्त्यावर पाण्याची कमान टाकत तो पुढे जातो आणि मागे तापलेल्या धुळीचा वास उठतो. मग आवाज येतात. दारं उघडल्याचे, बादल्यांचे, रडणाऱ्या पोरांचे, फेरीवाल्यांचे, आणि लांबून बाड्याच्या बाजूने टांग्यांच्या घंटांचे. मुलं छतावर पाणी ओततात. दगडी पाट्यांचं छत पाणी पिताना चक्क आवाज करतं. पहिल्या दोन बादल्यांची वाफच होते. तिसरीनंतर पाय ठेवता येतो. दिवे लागेपर्यंत खाटा वर गेलेल्या असतात, बिस्तरं पसरलेली असतात. पुढचे तीन-चार तास माधवगंज जमिनीवर राहत नाही. अख्खी वस्ती छतांवर येते. एका छतावरची चर्चा तिसऱ्या छतावर संपते. कोणाचा तरी जावई आलाय, तो काय जेवला ते सगळ्यांना कळतं.

दहीभात खाल्लात? आता पाठ टेका. पाट्या अजून गरम आहेत, गादीतून पाठीला ऊब लागते. वर पाहा.

इथे तुम्ही थोडा वेळ काही बोलणार नाही, हे मला माहीत आहे. आजच्या माधवगंजात छतावरून तुम्हाला वीस-पंचवीस तारे दिसत असतील. इथे अमावास्या आहे, रस्त्यावर मिणमिणते दिवे थोडे, आणि आकाशात जागा कमी पडलीय. उत्तरेला सप्तर्षी. त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढे ओढत आणा : नारिंगी, ठळक स्वाती. आणखी पुढे, दक्षिणेकडे : पांढरी, किंचित निळी चित्रा. शेजारच्या छतावरच्या मुलींचा खेळ चाललाय, कोण जास्त तेजस्वी, स्वाती की चित्रा. त्या डोळे बारीक करतात, एक डोळा झाकतात, एकीने तर हाताची नळी करून पाहिलं. उत्तर स्वाती. जवळजवळ अडीचपट. हा आकडा मात्र मुलींना ठाऊक नाही, आणि डोळ्याने तो काढताही येत नाही. डोळा "जास्त" आणि "कमी" सांगतो, किती ते सांगत नाही.

माणसाने यावर जो तोडगा काढला तो शाळेतल्या मास्तरांसारखा आहे : वर्ग पाडायचे. सगळ्यांत ठळक तारे पहिल्या प्रतीचे, जेमतेम दिसणारे सहाव्या. प्राचीन ग्रीकांपासून हे चालत आलं. त्याला गणिताची शिस्त लावली नॉर्मन पॉगसन या इंग्रज ज्योतिषाने, जो पुढे मद्रासच्या वेधशाळेत आयुष्य काढून तिथेच वारला. पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभरपट तेज, असं त्याने ठरवलं. म्हणजे एका प्रतीला सुमारे अडीचपट. शेजारच्या मुलींनी डोळे चोळत पाहिलेला फरक जवळजवळ एका प्रतीचा आहे. स्वाती शून्याच्या आसपास, चित्रा एकच्या.

"चित्रा मध्यावर आली," अण्णा अंधारातून म्हणतात. ते खाटेवर नाहीत. छताच्या कठड्याला त्यांनी दोन खिळे ठोकून एक दोरी उत्तर-दक्षिण ओढलीय आणि तिच्याखाली बसलेत. खिशातलं घड्याळ काढून काडी ओढतात, नऊ वाजून गेलेत. "उज्जैनला अजून चोवीस पळं आहेत."

चोवीस पळं म्हणजे दहा मिनिटांना थोडी कमी. ग्वाल्हेर उज्जैनच्या जवळजवळ अडीच अंश पूर्वेला आहे, म्हणून इथे डोक्यावरून गेलेला तारा तिथे तेवढ्याच वेळाने येतो. जुन्या सिद्धान्तांची मध्यरेषा उज्जैनवरून जायची. सगळ्या हिंदुस्थानाने आपापलं देशांतर त्या रेषेपासून मोजायचं. आज लोक ग्रिनिचचं नाव घेतात. अण्णा घेत नाहीत.

आता त्यांचं भांडण ऐका. ऐकावंच लागेल, छतावर जायला दुसरी जागा नाही. राशिचक्राचा आरंभ कुठून धरायचा? एक पक्ष म्हणतो, रेवतीच्या ताऱ्यापासून. केरूनाना छत्रे या बाजूचे, टिळकही या बाजूचे. दुसरा पक्ष म्हणतो, चित्रा बरोबर समोर, १८० अंशांवर येईल असा आरंभ धरा. व्यंकटेश बापूजी केतकरांनी या पक्षाची बाजू लावून धरली. दोन आरंभबिंदूंत सुमारे चार अंशांचा फरक. चार अंश म्हणजे संक्रांत चार दिवस इकडे किंवा तिकडे, आणि एखाद्या वर्षी अधिक मास वेगळा धरला की दोन घरांच्या दिवाळीत महिन्याचं अंतर. काकूंना यात चार अंश दिसत नाहीत. त्यांना दिसतं ते एवढंच की एका भावाकडे फराळ होऊन गेला आणि दुसऱ्याकडे अजून भाजणी दळायची आहे.

"चित्रा डोळ्याला दिसते," अण्णा बोट वर करून म्हणतात. "रेवतीचा तारा कोणी पाहिलाय? पहाटे उठून दाखवा मला."

दाखवता येणार नाही. रेवतीचा म्हणून धरलेला झीटा पिशियम हा तारा जेमतेम पाचव्या प्रतीचा, चित्रेपेक्षा चाळीस-पन्नास पटींनी मंद. या दिवसांत तो पहाटे पूर्वेला उगवतो, नेमका जिथे ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यातली धूळ सर्वांत दाट असते तिथे. सणवार अशा ताऱ्यावर टांगलेले, जो काकूंनी, तुम्ही, कदाचित अण्णांनीही कधी ओळखून पाहिलेला नाही. मला विचाराल तर मी अण्णांच्या बाजूने आहे. पण माझं कारण शास्त्रीय नाही, मलाही पहाटे उठवत नाही.

"जा उज्जैनला," अण्णा म्हणतात. "तिथे भिंत आहे. भिंत खोटं बोलत नाही."

गाडीचं फार सांगत नाही. आगगाडीची रात्र कुठल्याही काळात सारखीच असते. तिसऱ्या वर्गाची लाकडी बाकं, डोळ्यात कोळशाचा कण, झाशीला पुरी-भाजी, बीनाला चहा, भोपाळला उतरून दुसरी गाडी. कोणीतरी मांडीवर झोपतं आणि तुम्ही हलत नाही. उज्जैनच्या फलाटावर पाय ठेवाल तेव्हा कॉलरच्या आत काळी रेघ उमटलेली असेल आणि केसांना धुराचा वास येत असेल. क्षिप्रेत डुबकी मारा. उन्हाळ्यात पाणी गुडघाभर आहे, पण धूर निघतो.

वेधशाळा नदीच्या काठालाच आहे, शहराच्या दक्षिण टोकाला. सवाई जयसिंग माळव्याचा सुभेदार असताना त्याने ही बांधली, आणि नंतरच्या काळात ती नुसती उभी राहिली. चुना गळला, खुणा बुजल्या, गुरं सावलीला बसली. उज्जैनचे पंडित नारायणजी व्यास आणि गोविंद सदाशिव आपटे यांनी आग्रह धरला, माधवराव महाराज शिंद्यांनी पैसा दिला, आणि आता आपटे इथले पहिले अधीक्षक आहेत. त्यांना मी तुमच्याशी बोलायला लावणार नाही. खऱ्या माणसाच्या तोंडी मनची वाक्यं घालणं बरं नव्हे. तिकडच्या खोलीत ते आकडेमोड करत बसलेत असं समजा. तुमच्या वाट्याला त्यांच्या हाताखालचा एक सहायक आलाय, तो सर्वस्वी माझा आहे, आणि त्याला बिडी ओढायला अंगणाबाहेर जावं लागतं याचा त्याला राग आहे.

दुपारी काही करू नका, फक्त घड्याळं पाहा. सम्राट यंत्राची तिरकी भिंत उज्जैनच्या अक्षांशाइतकी, सुमारे तेवीस अंश, कललेली आहे. म्हणजे ती पृथ्वीच्या आसाला समांतर. तिची सावली बाजूच्या वक्र दगडावर सरकते. बोट ठेवा सावलीच्या कडेवर. दगड भाजतो, पण दोन श्वास धरून ठेवा. सावली बोटाखालून निघून जाताना दिसते. इतक्या उघडपणे वेळ जाताना तुम्ही कधी पाहिला नसेल. शेजारच्या नाडीवलय यंत्राला दोन तोंडं आहेत, सहा महिने उत्तरेचं उजळतं, सहा महिने दक्षिणेचं. सध्या उत्तरेची पाळी. स्टेशनवरच्या घड्याळापेक्षा इथला सरासरी वेळ सत्तावीस मिनिटं मागे, शिवाय दिवसागणिक थोडी भर-घट करायची. ती केली की दोन्ही जुळतात. टांगेवाला मात्र स्टेशनचाच वेळ धरतो. त्याला गाडी गाठायची असते.

रात्री या. दक्षिणोत्तर भिंत ही या अंगणातली सर्वांत साधी वस्तू आहे. बरोबर उत्तर-दक्षिण बांधलेली एक जाड भिंत. तिच्या अंगावर वर एक खिळा, आणि त्या खिळ्याला केंद्र धरून खाली कोरलेला चाप, त्यावर अंश-कलांच्या खुणा. खिळ्याला दोरी. बस्स.

"कुठून आलात?"

"लष्कर. माधवगंज."

"मग चित्रा तुमच्याकडून होऊनच आलीय," सहायक म्हणतो आणि कंदिलावर फडकं टाकतो. अंधार. आधी काहीच दिसत नाही, मग भिंतीची कडा, मग तिच्या वर तारे. भिंतीचा चुना दिवसभराची आग सोडतोय. गाल जवळ नेला की ऊब लागते, कोरड्या चुन्याचा वास येतो. नदीकडून चिखलाचा वास, गोवऱ्यांचा धूर, आणि डास. हा भाग कुठल्याही ज्योतिषग्रंथात नाही. वेध घेताना हात हलवायचा नसतो, आणि डासांना ते माहीत असतं.

"गुडघ्यावर या. अजून खाली. दोरी चापावर धरा. आता दोरीवरून खिळ्याकडे पाहा. पाहुणे, दोरी ताणा!"

ताणलीत. एक डोळा मिटलात. कपाळावरचा घाम भुवईत थांबतो आणि तिथून उघड्या डोळ्यात उतरतो. चित्रा खिळ्याच्या डावीकडे आहे. ती येतेय. तुम्हाला वाटतं दोरी सरकवून तिला पकडावं.

"तिच्या मागे जाऊ नका. ती इथेच येणार आहे."

सगळी गोम याच्यात आहे. भिंत हलत नाही, डोळा हलत नाही, आकाशच सरकत येऊन भिंतीच्या रेषेवरून जातं. तुम्ही फक्त दोन गोष्टी टिपायच्या : किती वाजता गेला, आणि किती उंचीवरून गेला. वेळेवरून पूर्व-पश्चिमेची जागा, उंचीवरून उत्तर-दक्षिणेची. दोन आकड्यांत तारा नकाशावर बसतो.

चित्रा थरथरतेय. दिवसभर तापलेल्या जमिनीवरून गरम हवा उठते आणि तारा तिच्यातून पाहिला की नाचतो. खिळ्याच्या मागे जाते, बाहेर येते. "आता!" तुम्ही ओरडता. सहायक फडकं उचलतो, घड्याळ पाहतो, मग चापावर बोट. "चौतीस अंश." ओळंब्यापासून चौतीस. त्यातून उज्जैनचे तेवीस नि थोडं वजा करा, चित्रा विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे पावणेअकरा अंश. तो मान हलवतो. बरं जमलं, पण डोळ्याची धाव एका कलेपर्यंतच, अंशाच्या साठाव्या भागापर्यंत. त्यापुढे भिंत कितीही उंच बांधली तरी हवा आणि डोळा पुढे जाऊ देत नाहीत.

आता तुमच्या पोटात दुखायला लागलंय. तुम्ही भविष्यातून आलात, एक गोष्ट माहीत आहे आणि सांगायची नाही असं ठरवून आला होतात. सांगा. तो विश्वास ठेवणार नाही, पण ऐकेल. वेध संपला की पुढच्या ताऱ्यापर्यंत वेळच वेळ असतो.

"अशीच एक भिंत हवेच्या बाहेर नेली तर?"

"कुठे?"

"पंधरा लाख किलोमीटरवर. तिचं नाव गाया."

"लू नाही?"

"हवाच नाही. तारा नाचत नाही."

तो विचार करतो. मग जो प्रश्न विचारतो त्यावरून माणूस कामातला आहे हे कळतं. "ओळंबा कशाला लावणार? तिथे खाली म्हणजे कुठे?"

खरं आहे. तिथे खाली नाही. ओळंबा तरंगेल. म्हणून गाया नावाच्या त्या यानात एका भिंतीऐवजी दोन, म्हणजे दोन दुर्बिणी, एकमेकींशी १०६.५ अंशांचा कोन करून पक्क्या बसवलेल्या, आणि दोन्ही मिळून सहा तासांत एकदा स्वतःभोवती फिरतात. त्याही ताऱ्याच्या मागे जात नाहीत. तारा सरकत येतो, टिपणाऱ्या पट्ट्यांवरून जातो, वेळ नोंदली जाते. अशा १०६ पट्ट्या, आणि एकेक ओलांडायला ताऱ्याला साडेचार सेकंद लागत नाहीत. शून्य कुठलंच नाही. प्रत्येक तारा दुसऱ्या ताऱ्यांशी ताडून पाहायचा, लाखो करोडो वेळा, मग जाळं आपोआप घट्ट होतं, आणि अतिदूरच्या न हलणाऱ्या ठिपक्यांना ते बांधायचं.

"दोन भिंतींतला कोन हलला तर?"

हलला. गाया आकाशात गेल्यावर सगळ्यांना घाम फुटला तो याच गोष्टीने. दहा मीटर रुंदीची उन्हाची छत्री उघडलेली, तरी फिरता फिरता तो कोन अपेक्षेपेक्षा जास्त हलत होता. कोनावर पहारा ठेवायला लेसरचं एक यंत्र बसवलेलं होतं म्हणून हिशेबात धरता आलं. सहायक हे ऐकून भिंतीवर थाप मारतो. "हीसुद्धा दुपारी आणि पहाटे सारखी नसते. आम्ही मोजलेलं नाही, पण नसतेच." त्याला आनंद झालाय. पंधरा लाख किलोमीटरवरच्या लोकांचं दुखणं त्याच्याच घरचं निघालं.

"धाव किती?"

एक कला तुमच्या डोळ्याची. गायाची चांगल्या ताऱ्यांसाठी त्याहून तीस लाख पटींनी बारीक. तुमच्या माधवगंजातल्या छतावर बसून मुंबईत कोणी धरलेल्या केसाची जाडी सांगावी, एवढी. तेज तर तिने अशा ताऱ्यांचंही मोजलं, जे डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याहून काही लाख पटींनी मंद आहेत. आणि "जास्त-कमी" असं नाही. निळ्यात किती, तांबड्यात किती, दोन्ही वेगळं. एकूण सुमारे १८० कोटी तारे. २०१३च्या डिसेंबरात निघाली, २०२५च्या जानेवारीत वेध थांबले.

१८० कोटींवर तो हसतो. हा आकडा त्याने गप्प बसून ऐकण्यापलीकडचा आहे. "एवढं लिहायला कारकून किती?"

तुम्हीही हसा. मग तो गंभीर होतो आणि नेमकं ते विचारतो ज्याची तुम्हाला भीती होती. "मग चित्रा किती लांब आहे?"

इथे जरा ओशाळावं लागेल. अंतर काढायची युक्ती त्याला ठाऊक आहे. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या पलीकडे जाते, तेवढ्याने जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांपुढे किंचित सरकतो, त्या सरकण्यावरून अंतर. चित्रा सरकते, पण या भिंतीच्या धावेच्या हजारो पट कमी. गाया ते डोळे मिटून करेल, असं त्याला वाटतं. गाया करू शकली नाही. चित्रा तिला फार तेजस्वी. तिची नजर मंद ताऱ्यांसाठी तयार केलेली, तिसऱ्या प्रतीपेक्षा ठळक तारे तिच्या पट्ट्यांवर उतू जातात. जो तारा माधवगंजातल्या पोरीसुद्धा बोटाने दाखवतात, तो त्या १८० कोटींच्या यादीत नाही. रेवतीचा तो रुसका झीटा मात्र तिला मुळीच जड नाही. अण्णांना हे कळवू नका.

चित्रेचं अंतर आलं ते आधीच्या यानाकडून, हिपार्कॉसकडून. १९८९ मध्ये सोडलं, इंजिन पेटलं नाही, नको त्या लांबुळक्या कक्षेत अडकलं, तरी चार वर्षं राबून १ लाख १८ हजार तारे मोजून गेलं. त्याच्या हिशेबाने चित्रा सुमारे अडीचशे प्रकाशवर्षांवर आहे.

सहायक बोटं मोडतो. अडीचशे वर्षांपूर्वी. "म्हणजे आत्ता दोरीवर घेतला तो उजेड, जयसिंग महाराज जन्मायच्या आधीचा?"

हो. भिंत बांधणारा जन्मायच्या आधी निघालेला.

"बरं," तो म्हणतो. एवढंच. कामाच्या माणसाला आश्चर्य करायला फार वेळ नसतो. चित्रेनंतर पाऊणएक तासाने स्वाती येते आणि ती आता जवळ आलीय. कंदिलावर पुन्हा फडकं. "ही जवळजवळ डोक्यावरून जाते. चौतीस नाही, चाराच्या आत. गुडघ्याने भागायचं नाही, पाठ टेका."

धुळीत पाठ टेका. टोपी काढा. चापाचं खालचं टोक कानापाशी येतं, दगडावरून मुंग्या जातायत, आणि खिळा सरळ वर. दोरी जवळजवळ उभी, नाकावरून गेलेली. नारिंगी ठिपका डावीकडून सरकत येतो. श्वास धरा.

"आता!"

"किती?"

"साडेपाच अंश."

"साडेपाच कसे येतील? नाकाला लागली दोरी. बाजूला व्हा, मी दाखवतो." मग पटकन वर पाहून, "गेली. आता उद्या. उद्या चार मिनिटं आधी या, ती रोज तेवढी लवकर येते. आणि जाताना विहिरीवरून घागर भरून आणा, दुपारी इथे प्यायला थेंब नसतो."